उंडीच्या तेलाची काजळी

पावसकरांच्या घराचं दार शाबूत होतं. चौकट शाबूत होती, कडी शाबूत होती, आणि कुलूप तर समुद्रानं घासून दिल्यासारखं पूर्वीपेक्षा चकचकीत दिसत होतं. फक्त दाराच्या डाव्या हाताची भिंत नव्हती. भालूकाकांनी जुडग्यातून किल्ली निवडली, कुलूप उघडलं, कडी काढली, उंबरठ्याबाहेर चपला सोडल्या आणि दारातून आत गेले. त्यांच्याबरोबर आलेली सरकारी मुलगी भिंत होती तिथून आत आली.

"काका, इकडून मोकळंच आहे की," ती म्हणाली.

"दार इकडे आहे," भालूकाका म्हणाले.

मुलीचं नाव रेवा घाणेकर. तिनं खांद्यावरची पेटी उतरवली आणि माजघराच्या उभ्या असलेल्या भिंतीला टेकवली. पेटी शिवणयंत्राच्या डोक्याएवढी. तिच्यातून एक मऊ नळी बाहेर आली, भिंतीवरून हुंगत हुंगत वर गेली, एका चिऱ्यापाशी थबकली आणि परत खाली आली. लग्नाच्या पंगतीत कुत्रं फिरतं तशी. भालूकाका बाजूला उभे राहून बघत होते. म्हणजे त्यांचे डोळे त्या बाजूला होते.

भिंतींना कान असतात हे आपल्याकडे पूर्वीपासून माहीत होतं. आता सरकारनं त्यांना तोंड दिलं होतं. यंत्राचं नाव भिंतवाचक.

वादळाला महिना होत आला होता. त्या वादळाला कुठल्याशा दूरच्या देशानं नाव दिलं होतं. वेळणखोलच्या वाडीत ते कुणालाच उच्चारता येईना, म्हणून शेजारच्या सरूवहिनी त्याला नुसतं 'तो मेला' म्हणत, आणि सगळ्यांना बरोबर कळे. तो मेला दिवाळी आटोपल्यावर आला. खाडीच्या तोंडातून समुद्र वाडीत शिरला आणि परत जाताना जे आवडलं ते घेऊन गेला. माणसं वाचली. मुळात वाडीत माणसं होतीच कितीशी! घरं नऊ, त्यातली सात बंद. उरलेल्या दोनांपैकी एक सरूवहिनींचं आणि एक भालूकाकांचं. दोघांना आदल्या दुपारीच वर टेकडीच्या सड्यावरच्या शाळेत नेलं होतं. निघताना सरूवहिनींनी देव घेतले, कोंबड्या घेतल्या, आमसुलांची बरणी घेतली. भालूकाकांनी बंद घरांच्या किल्ल्यांचं जुडगं घेतलं आणि उंडीच्या तेलाची बाटली.

"भाऊजी, स्वतःचं काय घेतलंत?" वहिनींनी विचारलं होतं.

भालूकाकांनी जरा विचार केला होता आणि परत जाऊन छत्री आणली होती.

पाणी ओसरल्यावर ते खाली आले तेव्हा त्यांच्या घराचं जोतं जागेवर होतं आणि स्वयंपाकघराची मागची भिंत उभी होती. बाकी घर नव्हतं. "बरं," असं ते म्हणाले. तेव्हापासून ते सगळ्यालाच "बरं" म्हणत. शाळेत खिचडी वाढली, बरं. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं, बरं. टेकडीमागे नव्या वसाहतीत सातव्या मजल्यावर खोली मिळेल असं तहसीलदारांनी सांगितलं, तेव्हाही बरं. तहसीलदार खूश झाले. एवढा समजूतदार पूरग्रस्त त्यांना पूर्वी भेटला नव्हता.

संध्याकाळ झाली की मात्र भालूकाका सड्यावरून खाली उतरत आणि बंद घरांत दिवा लावून येत. हे काम वाडीनं त्यांच्यावर सोपवलं होतं, ते फेरीबोटीवर दोर टाकायचे तेव्हापासूनचं. घर बंद असलं तरी तिन्हीसांजेला आत दिवा लागला पाहिजे, हा कोकणातला रिवाज. मालक मुंबईकडे, दिवा शेजाऱ्याकडे. सातातल्या तीन घरांना आता दारं नव्हती, तरी त्यांच्याही किल्ल्या जुडग्यात होत्या. काढून ठेवायच्या कुठे, हा प्रश्नच होता.

"माणूस घरात राहतो म्हणजे काय करतो, काका?" रेवानं पेटीच्या काचेवरून नजर न काढता विचारलं. तिला काम करताना बोलायची सवय असावी.

"खातो. झोपतो."

"आणि झडतो." तिनं हाताची बोटं एकमेकांवर चोळून दाखवली. "कातडीचा भुगा, श्वासातले थेंब. प्रत्येकाच्या अंगावर जिवाणूंचं आपापलं बिऱ्हाड असतं, दोन माणसांचं कधी सारखं नसतं. ते सगळं भिंतीवर बसत राहतं. तुमचा चिरा म्हणजे दगडाचा स्पंजच, सगळं धरून ठेवतो. वरून रोजच्या दिव्याची काजळी. पापडांच्या चळतीत मधे मधे पीठ भुरभुरवतात ना, तसा तिचा एकेक पातळ थर. हे यंत्र पापड मोजतं."

"समुद्रानं धुतलं नाय काय ते?" सरूवहिनी भिंत नव्हती तिथून आत डोकावल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण भिंत नसलेल्या घराला बोलावणं तरी कोण देणार!

"काजळी तेलकट असते, आजी. जिथे ती आहे तिथे पाणी आत शिरत नाही. जिथे नाही तिथलं धुऊन जातं."

"आजी म्हणू नको. भाऊजींपेक्षा लहान हाय मी."

या यंत्रामागे एक कायदा होता, आणि कायद्यामागे कोकणचा सातबारा. त्यावर नावं पंगतीसारखी बसलेली असतात. पणजोबा उठले तरी पान हलत नाही. मागच्या वादळात घरबांधणीची मदत त्या पानावरच्या नावांना गेली, नावं बदलापूर-विरारला राहत होती, घरं पडली तशीच राहिली. म्हणून यावेळी वास्तव्य हक्क कायदा आला. कागद काय म्हणतो ते सोडा, भिंत काय म्हणते ते ऐका. भिंतीत ज्याचं राहणं सापडेल त्याला त्याच जागी, उंच खांबांवर, पुन्हा घर बांधायचा हक्क. वाडीतल्या घरांपैकी एक तृतीयांश तरी राहती निघाली तर वाडी राहील. नाही निघाली तर वाडी 'निर्मनुष्य' ठरवून माघार पट्ट्यात जाईल. म्हणजे माणसांनी तिथून माघार घ्यायची आणि जमीन समुद्राच्या नावानं सोडून द्यायची.

पेटीनं बारीक शीळ घातली. रेवानं काचेवरचं वाचलं.

"राहणारा एक. पुरुष, साठीच्या पुढचा. माजघरात रोजचा वावर, ओटीवर झोपाळ्याजवळ रात्रीची झोप. म्हणजे घर राहतं आहे. हे प्रभाकर पावसकर का?"

"प्रभाकर बदलापूरला असतो," भालूकाका म्हणाले.

"मग हे कोण?"

सरूवहिनी एकदम कोंबड्यांकडे बघायला लागल्या. कोंबड्या सड्यावर होत्या.

रेवानं नळीचं टोक भालूकाकांपुढे धरलं. "काका, यात एकदा फुंकर घाला. तुम्ही रोज दिवा लावायला येता, तेवढं वगळायला हवं."

भालूकाकांनी फुंकर घातली. पेटीनं पुन्हा शीळ घातली, या खेपेला लांब.

"काका, हे तुम्हीच आहात."

"बरं," भालूकाका म्हणाले.

दुपारपर्यंत पेटीनं वाडीभर त्यांची शोभा केली. भाटकरांच्या स्वयंपाकघरात ते सकाळचा चहा घेत. मुरकरांच्या माडीवर त्यांची वामकुक्षी. नाटेकरांच्या पडवीत ते दाढी करत, तिथे साबणासकट पुरावा होता. सातही घरांत, सातही भिंतींच्या सगळ्यांत वरच्या थरांत, एकच माणूस. भाटकरांच्या मागच्या खिडकीच्या गजांवर तर श्वासाचा असा जाड लेप होता की यंत्रानं तो दोनदा तपासला.

"इथे तुम्ही बराच वेळ उभे राहत होता," रेवा म्हणाली.

"तिथे वारा लागतो."

रेवानं खिडकीतून पाहिलं. समोर एक जोतं होतं आणि त्यावर एकुलती एक भिंत.

ते भालूकाकांचं घर. तिथे जाताना ते वाडीच्या पाणंदीपर्यंतच आले. अंगणाच्या कडेला थांबले आणि किल्ल्यांचं जुडगं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. रेवा जोत्यावर चढली. भिंतीवर मिसळणाच्या डब्याचा खिळा अजून होता. नळी चुलीच्या वरच्या अंगाला गेली आणि तिथे बराच वेळ थांबली. शीळ आली तेव्हा रेवा काचेकडेच बघत राहिली, म्हणून सरूवहिनींनीच विचारलं, "काय म्हणते?"

"राहणारी एक. बाई. सगळ्यांत वरच्या थरात त्याच." तिनं आवाज जरा खाली आणला. "त्यानंतर सहा वर्षं कुणीच नाही. दिवासुद्धा नाही."

"मालन," सरूवहिनी म्हणाल्या.

मालन म्हणजे भालूकाकांची बायको. सहा वर्षांपूर्वी पोळ्या लाटता लाटता तिथेच, त्या भिंतीला टेकून ती बसली, आणि मग उठली नाही. दिवसकार्य झालं त्या रात्री भालूकाका पावसकरांच्या ओटीवर झोपायला गेले. बंद घराला राखण लागते, असं त्यांनी वाडीला सांगितलं. वाडी तेव्हा तीन-चार माणसांची होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. सातही घरांतला दिवा त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. आठव्या घरात लावायचं त्यांच्याकडून राहून गेलं. पहिल्या दिवशी राहून गेलं, मग दुसऱ्या दिवशी, आणि मग ती पद्धतच पडली.

"तुम्ही इथे राहत नव्हता, काका?" रेवानं अंगणाच्या कडेला येऊन विचारलं.

"झोपायला पावसकरांकडे," ते म्हणाले. "राखणीला."

सरूवहिनी यावर काहीच बोलल्या नाहीत. हे इतकं अपूर्व होतं की रेवानंसुद्धा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात रेवानं हिशोब समजावून सांगितला. एक माणूस एकाच घराचा रहिवासी, असं कायदा म्हणतो. काका सात घरांत सापडले तरी त्यांना त्यातलं एकच घर निवडता येईल. त्यांचं ते एक आणि सरूवहिनींचं एक, मिळून दोन. नवात तीन लागतात. एक कमी.

"आणि माझं घर?" भालूकाकांनी विचारलं. महिन्याभरात त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

"त्या घराचे तुम्ही रहिवासी नाही, काका. भिंत तसं म्हणत नाही." ती खाली बघत म्हणाली. "यंत्र चुकलंय असं लिहायचं का मी? सुनावणीत सांगता येईल. समुद्रानं धुतलं म्हणता येईल."

भालूकाकांनी मान हलवली. "यंत्र बरोबर आहे."

बातमी मुंबईकडे गेली आणि भालूकाकांचा फोन वाजायला लागला. गेल्या कित्येक वर्षांत तो एवढा कधी वाजला नव्हता. वादळ झालं त्या दिवशीही नाही. मुरकरांचा थोरला म्हणाला, काका, तुम्ही आम्हाला वडलांच्या ठिकाणी. भाटकरीण म्हणाली, चहा प्यायलात त्याचं काही नाही हो, पण निवडताना तेवढं आमचं ध्यानात ठेवा, गॅस आमचा होता. नाटेकर म्हणाला, दाढीचा आरसा मी मुद्दामच ठेवला होता. प्रभाकर पावसकर भालूकाकांचा बालमित्र. तो एवढंच म्हणाला, "भाल्या, माझ्या ओटीवर झोपत होतास आणि मला बोलला नाहीस." आणि फोन ठेवला.

भालूकाका सगळ्यांना "बरं" म्हणाले. प्रत्येकाला वाटलं, आपलं काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवा नकाशा घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आल्यासारखा झाला होता.

"काका, तुम्ही दिव्यात कुठलं तेल घालता?"

"उंडीचं."

"दुकानात मिळतं?"

"आता नाही मिळत. समुद्राकाठी उंडीची झाडं आहेत. बिया वेचायच्या, वाळवायच्या, घाण्यावर द्यायच्या. कडू असतं. उंदीर पीत नाहीत."

"सातही घरांत तेच?"

"बाटली एकच आहे."

रेवानं नकाशा व्हरांड्याच्या फरशीवर पसरला. वाडीतल्या सात घरांभोवती यंत्रानं सात रेघा काढायला हव्या होत्या. त्यानं एकच काढली होती. पावसकरांच्या ओटीपासून निघून पाणंद, विहीर, मुरकरांची माडी, सगळं पोटात घेऊन ती वाकडीतिकडी परत पावसकरांकडे आली होती. सरूवहिनींचं घर तेवढं वेगळ्या रेघेत. त्यांची चूल वेगळी.

"बिघडलंय?" सरूवहिनींनी विचारलं.

"मलाही तसंच वाटलं. मग नियम काढून वाचला." रेवा फरशीवर मांडी घालून बसली. "वाटण्या झालेल्या घरांसाठी आहे तो. दोन भाऊ मधे पडदा लावतात आणि आमची दोन घरं म्हणून सांगतात. खरी किती, हे यंत्रानं ठरवायचं कसं? म्हणून नियम असा केला की ज्या खोल्यांत रोज एकाच चुलीची किंवा एकाच दिव्याची काजळी बसते आणि एकच माणूस वावरतो, त्या सगळ्या मिळून एक घर. खोल्यांच्या मधे किती अंतर असावं, हे लिहायचं राहिलंय. खोल्या एकमेकींजवळच असणार, असं लिहिणाऱ्याला वाटलं असेल."

सरूवहिनींनी नकाशावर बोट फिरवलं. "म्हणजे भाऊजींचं घर सात खोल्यांचं."

"हो."

"आणि विहीर घरात."

"नियमाप्रमाणे, हो."

"बरं झालं. पावसात भिजत जायला नको."

हिशोब आता सोपा होता. वेळणखोलात घरं तीन. एक सरूवहिनींचं, एक हे सात खोल्यांचं, आणि एक भालूकाकांच्या नावाचं, बंद. तिनातली दोन राहती. वाडी राहत होती. अट एकच, सातही मालकांनी आपलं घर वेगळं नाही, या घरातली खोली आहे, हे तोंडी मान्य करायचं. एकानं जरी नाही म्हटलं तरी रेघ तुटणार होती.

सुनावणी शाळेच्या चौथीच्या वर्गात झाली. तहसीलदार मास्तरांच्या खुर्चीत आणि मालक व्हिडिओ कॉलवरून फळ्यावर, चौकटी-चौकटींतून. भालूकाका पहिल्या बाकावर बसले. तो बाक लहान मुलांचा असल्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते. मांडीवर किल्ल्या.

सहाजणांनी हो म्हटलं. काहींनी लगेच, काहींनी घरात विचारून. नाटेकरनं आपल्या खोलीला संडास जोडून असेल का, ते विचारून घेतलं. प्रभाकर पावसकर राहिला.

"माझ्या बापानं चिरा चिरा डोक्यावरून वाहून बांधलं," तो म्हणाला. "ते घर भाल्याच्या घरातली खोली? मग मी कोण?"

तहसीलदारांनी रेवाकडे पाहिलं, रेवानं भालूकाकांकडे.

"तू प्रभाकर," भालूकाका म्हणाले. त्यांना खरोखर एवढंच सुचलं.

"तू गप्प बस. मी बाईंना विचारतोय."

रेवानं पेटीची काच उघडली. "पावसकरसाहेब, त्या भिंतीत तुम्ही आहात."

फळ्यावरचा प्रभाकर थांबला.

"खालच्या थरात तुमचे वडील असावेत. तंबाखू खाणारे. एक बाई आहेत, बऱ्याच वर्षांच्या. आणि तीन मुलं, त्यातलं एक उंबऱ्यापासून हातभर उंचीवर सारखं भिंतीला तोंड घासतंय."

"चिरा चाटायचो मी," प्रभाकर म्हणाला. "आई मारायची." मग जरा वेळानं, "एवढं पाणी शिरलं, तरी राहिलं ते?"

"राहिलं. ज्या भिंतींवर रोज काजळी बसत होती त्या खालपर्यंत कोरड्या आहेत. बाजूच्या गावात बंद घरांत दिवे लागत नव्हते, तिथे मला काही सापडलं नाही. नुसता दगड."

"आणि सगळ्यांत वर?"

"वर काका."

फळ्यावर प्रभाकरनं चष्मा काढला, पुसला आणि न घालताच बसला. "म्हणजे बाबांच्या वर हा झोपलाय," तो म्हणाला.

"राखणीला," सरूवहिनी मागच्या बाकावरून म्हणाल्या.

प्रभाकरनं हो म्हटलं. तहसीलदारांनी शिक्का मारला. समुद्र पुन्हा येणार हे त्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनाच माहीत होतं. वाडीला हक्क मिळाला होता, त्याची प्रत समुद्राला पाठवलेली नव्हती. पण खांब उंच घालायचे ठरले, पुढच्या दिवाळीच्या सुटीत सगळ्यांनी हातभार लावायला यायचंही ठरलं. नाटेकर आपल्या खोलीचा नकाशा आधी पाहणार होता. माणसं एवढं ठरवतात तेव्हा त्यातलं निम्मं तरी होतं.

भालूकाकांना लोक अभिनंदन म्हणाले. ते "बरं" म्हणाले.

तिन्हीसांजेला ते बाटली घेऊन खाली उतरले. पावसकर, मुरकर, नाटेकर, भाटकर, ओळीनं दिवे लावत गेले. रेवा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघणार होती, म्हणून ती आणि सरूवहिनी सोबत चालल्या होत्या. भाटकरांच्या मागच्या खिडकीशी भालूकाका सवयीनं थांबले.

"काका," रेवा म्हणाली, "नकाशात रेघेच्या मधोमध एक भोक आहे. तुमचं घर. सातही खोल्या त्याच्या भोवती आहेत आणि ते कशातच नाही."

"माहीत आहे."

"सहा महिन्यांनी फेरतपासणी असते. तोवर त्या भिंतीवर तुमच्या दिव्याची काजळी दिसली तर यंत्र ते घर रेघेत घेईल. नाही दिसली तर ते माघार पट्ट्यात जाईल. मग तिथे कुणालाच काही बांधता येणार नाही. भिंतसुद्धा पाडावी लागेल."

भालूकाका गज धरून उभे होते. "काजळी कुठे बसेल?"

"सगळ्यांत वर."

"तिच्यावर."

रेवानं खांद्यावरच्या पेटीचा पट्टा सारखा केला.

"म्हणजे ती दिसायची नाही."

"वरून दिसायची नाही. पण काका, आत्ता त्यांच्यावर काहीच नाही. छप्पर गेलं. समुद्राचं पाणी त्या भिंतीच्या निम्म्याला लागून गेलं, तिथलं सगळं पुसलंय. वर चुलीच्या अंगाला राहिल्यात तेवढ्याच. एक अवकाळी सर आली तर मला तिथे नुसता दगड सापडेल."

समुद्रावर ढग होते. ते पावसाचे होते की नुसतेच, हे महिन्याभरात वाडीत कुणी ठरवायला धजावलं नव्हतं.

भालूकाका खिडकीपासून वळले, कोनाड्यातली जादा पणती आणि वात उचलली. भाटकरांच्या दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. मग पाणंद ओलांडून अंगणाच्या कडेला आले. तिथे नेहमीप्रमाणे थांबले. जुडगं चाचपलं. त्यात या घराची किल्ली नव्हती. या घराला कुलूप कधी लावलंच नव्हतं. कारण घरात कायम कुणीतरी असायचं.

"भाऊजी," मागून सरूवहिनी म्हणाल्या, "दारच नाय. उघडायचं काय त्यात? जा."

भालूकाकांनी जिथे उंबरठा असायचा तिथे चपला सोडल्या. जोत्यावर पाय ठेवला. फरशी गार होती आणि तिच्यावर वाळू होती, चालताना करकरत होती. ते भिंतीपाशी गेले आणि खिळ्याच्या खाली, ती बसली होती त्या जागेच्या शेजारी, जरा अवघडत खाली बसले. पाठ टेकली नाही. पणती पुढ्यात ठेवली, बाटलीतलं उरलेलं तेल घातलं, वात बोटानं पुढे सारली. आगपेटी ओली नव्हती. त्यांनी काडी काढली आणि ती हातात धरून ठेवली.

मागे पाणंदीत दोघी उभ्या होत्या. रेवाच्या खांद्यावरची पेटी बंद होती.

बऱ्याच वेळानं भालूकाकांनी भिंतीकडे मान वळवली आणि घरात दुसरं कुणी झोपलं असेल तर जाग येऊ नये, अशा आवाजात ते म्हणाले,

"मालन, लावू का?"